मंगळवारी अकराला थांबा

बुधवार, ६ मार्च. पहाट

अहो,

हे पत्र चहाच्या डब्याला टेकवून ठेवते आहे. उठल्यावर तुम्ही घरातली दुसरी कुठलीही वस्तू बघणार नाही, पण चहाचा डबा उघडणारच. हसू नका. एका घरात राहून नवऱ्याला पत्र लिहायची पाळी आली म्हणून मला इथे रडू येतंय, आणि तुम्ही आत घोरताय.

आमची लॅब पुलापलीकडच्या माळावर नेऊन टाकली त्याला आठवडा झाला. या आठवड्यात मी तुम्हाला फक्त झोपलेले बघितले. मी चारला उठते, साडेपाचला चौकात कंपनीची बस धरते. संध्याकाळी ती बस गावभर माणसं सोडत सोडत मला सातला आणून टाकते. स्वयंपाक केला, दोन घास खाल्ले की डोळे मिटतात. तुम्ही दुकान बंद करून येता तेव्हा मी मेल्यासारखी पडलेली. फोनचं म्हणाल, तर नव्या नियमाप्रमाणे तो फाटकावरच्या कप्प्यात ठेवायचा. डब्याच्या सुट्टीत जाऊन करावा, तर तुमच्यासमोर गिऱ्हाईक उभं. "हं, हं, बोल," एवढंच तुमचं. याला बोलणं म्हणतात?

तुमचं कुलूप-किल्लीचं दुकान आणि आमची दातांची लॅब एका गल्लीत होती, तेव्हा आपण रोज बरोबर चालत निघायचो. बोलायचो काय? नळ गळतोय, लेकीचा फोन आला होता, समोरच्याने पुन्हा गाडी आडवी लावली. पण बोलायचो. दुपारी मी डबा घेऊन तुमच्या काउंटरमागे येऊन बसायची. आता दुपारी मी काचेच्या भिंतीसमोर बसते आणि काचेपलीकडे माळ. माळ काय बोलणार?

आणि मोठे साहेब खूश. त्यांनी म्हणे आम्हा सगळ्यांची घरं नकाशावर टिंबं करून लावली आणि बरोबर मधली जागा काढली. ती मधली जागा म्हणजे हा माळ, जिथे एकाचंही घर नाही. सगळ्यांना सारखंच लांब. याला ते न्याय म्हणतात. साचेवाला सायकलने यायचा, त्याने कुणाची तरी जुनी स्कूटर घेतली, आता दिवसभर कंबर धरून असतो. पॉलिशवाली बाई चालत यायची, ती आता बसमध्ये आ वासून झोपते. तिच्या दाढा आम्ही रोज फुकट तपासतो.

मला हे चालणार नाही. मला तुम्ही दिसायला हवे आहात, जागे. सरळ लिहिते आहे, म्हणजे नंतर कोड्यात बोलतेस म्हणायला नको.

भात फ्रिजमध्ये आहे. गरम करून खा, थंड गिळू नका.

मी

गुरुवार, ७ मार्च. दुकानातून, दुपारी

अगं,

तुझं पत्र वाचताना चहा उकळून आटला. तुझ्या नावावर लिहून ठेव.

मी दिसायला हवा म्हणतेस. मी काय हौसेने लपून बसलोय? घरी येतो तर तू भिंतीकडे तोंड करून. उठवावं तर पाप, न उठवावं तर घरात राहतोय की लॉजमध्ये तेच कळत नाही. परवा पलंगाच्या कडेला बसून तुला दिवसभराचं सगळं सांगितलं. तू "बरं, बरं" म्हणालीस. मी खूश झालो, मग तू झोपेतच "ही कॅप उंच झाली, घासायला पाठवा" म्हणालीस.

दुकानाकडे आता मी पलीकडच्या तोंडाने जातो. लॅबच्या दाराला कुलूप आहे, तेही मीच विकलेलं. रोज सकाळी त्याचं तोंड कोण बघणार? चहावाल्याचे निम्मे कप कमी झालेत आणि तो मलाच विचारतो, "कधी येणार परत?" जशी काही लॅब मीच उचलून नेली. नवीन काही म्हणशील तर आज एक बाई किल्ली हरवली म्हणून रडत आल्या आणि किल्ली त्यांच्या मुठीत होती. हे सांगायला कोणी नव्हतं. डबा पाच मिनिटांत संपला. समोर माणूस नसलं की जेवण फार लवकर होतं, हे मला या वयात कळलं.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. म्हटलं तर तू कवळी फेकून मारशील. पण माझा मंगळवार बंद आणि तुझा रविवार, हे कुणाच्या डोक्यातून निघालं गं? आधी कधी हे खुपलं नव्हतं.

भात थंडच खाल्ला.

मीच, दुसरं कोण असणार

सोमवार, ११ मार्च. पहाट

अहो,

आधी तुम्ही रात्री उतू घालवलेल्या दुधाचं बोलू. ओट्यावर, ओट्याखाली, फडताळाच्या फटीत, सगळीकडे दूध. पुसायला घेतलात तो फडका तसाच चिकटून बसला होता. मी पहाटे अंधारात हात घातला आणि किंचाळले. तुम्ही कूस बदललीत. बायको किंचाळली तर माणूस उठून बसतो हो, कूस बदलत नाही.

काल रविवार. म्हटलं जाऊ दे धुणं, दुकानात जाऊन बसू. आले तर दुकानाला पाटी, "दहा मिनिटांत येतो." दहा मिनिटं म्हणजे तुमची. कुणाचं तरी दार उघडायला गेला होतात. अर्धा तास पायरीवर बसले. तीन माणसांनी मलाच किल्ल्या दिल्या, एकाने तर भावही केला. शेवटी उठून घरी गेले आणि धुणं धुतलं, आपटून आपटून. तुमचा निळा शर्ट त्यात गेला असेल तर मला विचारू नका.

संध्याकाळी लेकीचा फोन. म्हणाली, "आई, बाबा कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे असावेत, पत्रात तसं लिहिलंय." मग हळूच विचारते, "तुमचं काही बिनसलंय का?" तिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. परगावी शिकणारी पोर, तिला वाटतंय आईबाप बोलत नाहीत. आणि खोटं तरी काय आहे त्यात?

बस आजपासून पाच वाजता. पुलावर काम काढलंय. आता मी तीनला उठू का झोपूच नको, ते मोठ्या साहेबांनी टिंबं लावून सांगावं.

मी

बुधवार, १३ मार्च

अगं,

दूध माझी चूक. फडका माझी चूक. शर्ट फाटला नाही, बाही लांब झाली आहे, चालेल.

रविवारी तू आलीस हे मला चहावाल्याने सांगितलं. मी आलो तेव्हा तू गेलेली. मी काय केलं सांगू? घरापर्यंत धावत यावंसं वाटलं. पण दारात चार जण उभे होते. नंतर दिवसभर त्यांच्यावर खेकसत होतो. एका म्हाताऱ्याने विचारलं, "बायकोशी भांडलास का?" मी म्हटलं, "ती भेटली तर भांडेन ना."

काल मंगळवार. जरा बाहेर गेलो होतो, काम होतं. दमलो. जास्त लिहीत नाही.

मी

शुक्रवार, १५ मार्च. पहाट

अहो,

काम होतं म्हणे! मंगळवारी तुम्ही दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, सकाळी नऊला बाहेर पडलात आणि संध्याकाळी आलात, हे मला समोरच्या काकूंनी सांगितलं. त्यांना तुम्ही दिसता. जिला दिसायला हवे तिला नाही. सुट्टीच्या दिवशी तुम्ही दाढी करता हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. कोण आहे ती, तेवढं कळवा, मी तिला सांगेन की या माणसाच्या हातात दूध देऊ नको.

थट्टा पुरे. आता खरं बोलते, नीट वाचा.

मोठ्या साहेबांनी मला बोलावलं होतं. पोर्सेलिनच्या टेबलाची मुख्य मला करायचं म्हणतात. दातावर थर चढवायचे, रंग जुळवायचा, भट्टीत घालायचे, ही सगळी जबाबदारी माझी. इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होते, तुम्हाला ठाऊक आहे. पण भट्टी उजाडायच्या आत लावावी लागते, कारण दातांच्या डॉक्टरांकडे माल नेणारी गाडी सकाळीच निघते. आणि बसचा काही भरवसा नाही. म्हणून अट अशी की सोमवार ते शनिवार तिथेच राहायचं. लॅबच्या मागे खोल्या बांधल्यात, एक मला देतील. नाही म्हटलं तर ती जागा दुसऱ्या बाईला, आणि मी आहे तिथे, पाचच्या बसमध्ये, पॉलिशवालीच्या शेजारी आ वासून.

येत्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचंय, आणि या रविवारीही आम्हाला कामावर बोलावलंय. मला चिठ्ठीवर उत्तर नको. तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही काय म्हणता त्यावर मी ठरवणार आहे, हे लक्षात घ्या. नेहमीसारखं "तुला हवं ते कर" म्हणालात तर याद राखा.

मी

शनिवार, १६ मार्च. दुकानातून

अगं,

तुझं पत्र सकाळपासून खिशात आहे. चार वेळा वाचलं. एका गिऱ्हाइकाला चुकीची किल्ली कापून दिली, तो परत येऊन ओरडून गेला.

कोणी बाई नाही. माझ्याकडे बघून कोण भाळणार? तूही भाळली नव्हतीस, तुझ्या वडिलांचं कुलूप अडकलं होतं म्हणून मी घरात आलो.

मुख्य म्हणून तुला आधीच करायला हवं होतं. त्याचा मला अभिमान आहे, हे पहिलं. पण सहा दिवस तिकडे राहायचं हे वाचून मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून बसलो, हे दुसरं. तोंडाला कुलूप लावून बसणार नाही. भेटून बोलू, तू म्हणतेस तसं.

(मागे बघ)

मंगळवारी मी मोकळाच असतो. तू रजा काढून घरी येणार असशील तर घरी, नाहीतर मी तिकडे येतो. तुमच्या फाटकासमोर साध्या बसचा थांबा आहे, दोन बस बदलून मला येता येतं. कुठे भेटायचं आणि किती वाजता, एवढंच लिही.

मी

सोमवार, १८ मार्च. पहाट

अहो,

मंगळवारी अकराला थांबा. मी अर्धी रजा टाकली आहे. बस हॉर्न वाजवतेय, पळते.

मंगळवार, १९ मार्च. संध्याकाळी

अहो,

शाब्बास.

माल नेणाऱ्या गाडीवाल्याच्या हातापाया पडले, तेव्हा त्याने मला आपल्या कोपऱ्यावर सोडलं. मांडीवर पन्नास जणांचे दात घेऊन आले मी, खड्ड्याखड्ड्याला जीव मुठीत धरून. घाईत माझा फोन तिकडे कप्प्यातच राहिला. अकराच्या आत घरी. दाराला कुलूप. म्हटलं कोपऱ्यावर गेले असतील पाव आणायला. चहा टाकला, दोघांचा. साडेअकरा. बारा. मग फोनची घंटा ऐकू आली, बघते तर तुमचा फोन फडताळावर, लेक करत होती. तिने विचारलं, "बाबा कुठे गेले?" मी म्हटलं, "मला माहीत असतं तर."

समोरच्या काकू म्हणाल्या, "गेले की सकाळीच, इस्त्रीचा शर्ट घालून." पुन्हा तो इस्त्रीचा शर्ट!

दोनपर्यंत बसले. तुम्हाला माहीत होतं आज काय आहे. मी लिहून सांगितलं होतं की थांबा. एक दिवस, एकदा, माझ्यासाठी घरात थांबता आलं नाही तुम्हाला. अवघड बोलायचं असलं की तुम्ही असेच सटकता. माझी आई गेली तेव्हाही घरात माणसं जमली आणि तुम्ही कुणाचं तरी दार उघडायला गेला होतात.

दोनच्या बसने परत गेले आणि मोठ्या साहेबांना हो म्हणून सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सोमवारपासून मी तिथे राहणार. मला रडू आलं तर त्यांना वाटलं आनंदाने.

आता दाराबाहेर तुमची पावलं वाजतायत. मी दिवा बंद करून पडते आहे. मला उठवू नका. आज खरंच उठवू नका.

बुधवार, २० मार्च. सकाळी

अगं ए बाई,

उठवू नका म्हणालीस म्हणून उठवलं नाही. रात्रभर तळमळत होतो आणि तू पाचला निघून गेलीस. आता ऐक, नाही, वाच.

मी कुठे होतो? थांब्यावर होतो! तुमच्या फाटकासमोरच्या थांब्यावर, साडेदहापासून! मी विचारलं होतं कुठे भेटायचं. तू लिहिलंस, "अकराला थांबा." मी आणखी काय समजायचं? मला वाटलं, लिहायला वेळ नव्हता म्हणून दोन शब्दांत उरकलंस. अकरा वाजता, थांबा. अर्धी रजा टाकून तू फाटकातून बाहेर येणार आणि आपण तिथे बाकावर बसून बोलणार, असं डोळ्यासमोर चित्र होतं माझ्या.

वर ऊन मी म्हणत होतं. थांब्याला छप्पर नाही. सवयीने अवजारांची पिशवी खांद्याला होती, फाटकावरच्या माणसाने ती उघडायला लावली. आत कानस, करवत, वाकड्या तारा आणि किल्ल्यांचा जुडगा. सांग, त्याने मला काय समजावं? तुझं काम सांगितलं तेव्हा कुठे त्याने आत विचारलं. म्हणाला, बाईंनी रजा टाकलीय. म्हटलं मग येईलच इतक्यात. इतक्यात येईल, इतक्यात येईल, असं करत मी एक वाजवला, मग आणखी एक बस सोडली. फोन घरी राहिला, तो गुन्हा कबूल. तू दोनला निघालीस म्हणजे पुलाच्या कामापाशी आपण एकमेकांसमोरून गेलो असणार, तू त्या बसमध्ये आणि मी या. घरी न येता तसाच दुकानात जाऊन बसलो, दिवे लागल्यावर आलो.

आणि इस्त्रीच्या शर्टाचं ऐकायचंय ना? गेल्या मंगळवारीही मी तिकडेच आलो होतो. दुकानासाठी एखादा गाळा मिळतो का बघायला. तुला आधी सांगितलं असतं तर तू आशा लावून बसली असतीस म्हणून बोललो नाही. सगळा माळ पालथा घातला. गाळे आहेत, रिकामे आहेत. पण अगं, तिथल्या एकाही दाराला कुलूप नाही! सगळे गळ्यात कार्ड लटकवतात, दाराला टेकवतात, दार उघडतं. तिथे कोणाची किल्ली हरवणार आणि कोण माझ्याकडे येणार? एकाला विचारलं तर तो म्हणाला, "काका, किल्ली आता कोण वापरतं?" तिथून परत येताना मला माझंच हसू आलं आणि मग हसू थांबलं.

तुझ्या आईच्या वेळचं काढलंस. ते खरं आहे. पण काल मी सटकलो नव्हतो. काल मी तुझ्याच दारात उभा होतो.

मी

गुरुवार, २१ मार्च. संध्याकाळी

अहो,

कपाळ माझं!

तुमचं शनिवारचं पत्र डब्याच्या पिशवीतून काढलं. तेलाचा डाग पडलाय, त्या डागाखाली "मागे बघ." मागे बघितलंच नव्हतं हो मी. सोमवारी पुढचं पान वाचलं, वाटलं संपलं, आणि घाईत लिहिलं की थांबा. म्हणजे घरी थांबा, कुठे जाऊ नका, मी येते. तुम्ही गेल्या मंगळवारी बाहेर गेला होतात ना, म्हणून. मला काय माहीत तुम्ही बसचा थांबा विचारत होतात!

बसमध्ये पॉलिशवालीला सांगितलं. ती इतकी हसली की पुढच्या सीटवरचा साचेवाला उठून बसला. आज त्याची स्कूटर बंद पडली आहे. मग तिने विचारलं, "आता हो म्हणून बसलीस ना?" तेव्हा माझं हसू गेलं.

उन्हात तीन तास उभे होतात. मला किती राग येतोय म्हणून सांगू, तुमचा नाही, माझा नाही, त्या बसचा, त्या माळाचा, त्या टिंबांचा. दोन धड माणसं, एका पलंगावर झोपतात, आणि भेटायला एक दिवस ठरवतात तर तोही चुकतो. आणि गाळा शोधायला गेलात, ते आधी सांगितलं असतंत तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं?

आता एकच विचारते. त्या थांब्यावर मी खरंच आले असते तर तुम्ही काय म्हणणार होतात? हो की नको? अजून वेळ गेली नाही. तुम्ही नको लिहिलंत तर दुसऱ्याच दिवशी जाऊन साहेबांना सांगते, टाळ्या परत घ्या.

खरं लिहा. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

मी

शुक्रवार, २२ मार्च. दुकानातून

अगं,

घरून निघालो तेव्हा नको म्हणणार होतो. पाठ करून आलो होतो. "सहा दिवस मी घरात काय करू? भिंतींशी बोलू? नको जाऊस." एवढंच. आणि मला माहीत होतं, मी असं म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस.

पण तिकडे यायला मला दोन बस लागल्या. पहिलीत उभा होतो, दुसरीत एका पोत्यावर टेकलो होतो. पुलावर बस थांबली ती थांबलीच. मी दोनदाच गेलो तर उतरताना गुडघे बोलत होते. तू रोज जातेस. तू चारला उठतेस हे मला माहीत होतं, पण झोपेत माहीत होतं, कूस बदलून.

परत येण्यासाठी बसची वाट बघत होतो तेव्हा तुमच्यातली पहाटेच्या पाळीची काही माणसं सुटली आणि कंपनीच्या गाडीत चढली. बसल्याबरोबर झोपली, गाडी हलायच्या आधी. एक बाई तर हातात चप्पल तशीच धरून झोपली, पायात घालायची राहिली होती. मला वाटलं, माझी बायको रोज अशी येते, मग उभी राहून माझ्यासाठी भात करते, आणि मी तो थंड खाऊन वर चिठ्ठीत लिहितो.

म्हणून आता लिहितो ते वाच. मला तू जायला नको आहेस. हे पहिलं आणि हे बदलणार नाही. घर खायला उठेल, मला माहीत आहे. तरी जा. टेबल तुझं आहे, ते दुसऱ्या बाईला दिलं तर मी त्या साहेबांच्या घराचं कुलूप बदलून टाकीन. जा, पण मी खुशीने पाठवलं असं कोणाला सांगू नकोस, लेकीलाही नाही.

मागे काही लिहिलेलं नाही. तरी बघ.

मी

बुधवार, २७ मार्च. लॅबमागची खोली, संध्याकाळ

अहो,

हे पत्र पोस्टाने येतंय, चहाच्या डब्यापाशी शोधू नका.

काल तुम्ही आलात आणि आपण भांडलो. काय भांडलो हो! थांब्यापासून सुरू केलं ते खोलीच्या दारापर्यंत, मग खोलीत. पॉलिशवाली बाई काम संपवून निघाली होती, ती खिडकीखाली उभी राहून सगळं ऐकत होती. आज म्हणाली, "तुझा नवरा चांगला आहे गं, आवाज मोठा आहे पण चांगला आहे." तिला म्हटलं, बाई, महिनाभराने त्याचा आवाज ऐकला मी, मोठा असू दे.

दुधापासून माझ्या आईपर्यंत सगळं निघालं. तुम्ही म्हणालात मी पत्राची मागची बाजू कधीच बघत नाही. मी म्हटलं तुम्ही घरातल्या माणसाची पुढची बाजूही बघत नाही. तुम्ही चिडून उठलात, परत बसलात. मधेच तुम्ही माझ्या हातावरचा भाजल्याचा डाग बघितलात आणि भांडण सोडून विचारलंत, "हे कधी झालं?" झालं त्याला पंधरा दिवस झाले. आपल्या घरात, आपल्या पलंगावर, पंधरा दिवस तो डाग तुमच्या शेजारी झोपत होता. मी हात मागे घेतला, कारण बोलले असते तर रडले असते, आणि मला भांडायचं होतं.

इथे मी पाचपर्यंत झोपते, भट्टी फक्त खाली उतरून लावायची असते. चारला सुटते. त्यानंतर काय करू, हे मला माहीत नाही. संध्याकाळ एवढी मोठी असते हे मी विसरूनच गेले होते. खोलीच्या पायरीवर बसते, समोर तोच माळ. काल तुम्ही होतात तर तो माळ दिसला पण नाही.

तर आता ऐका, हे मी ठरवलंय, तुमचं "तुला हवं ते कर" ऐकायला थांबणार नाही. मी शनिवारी संध्याकाळी घरी येईन आणि रविवारी दुकानात तुमच्या शेजारी बसेन, गिऱ्हाइकांनी मला किल्ल्या दिल्या तर घेईन. आणि तुम्ही सोमवारी दुकान लवकर बंद करून इकडे मुक्कामाला यायचं, मंगळवारी संध्याकाळी परत जायचं. मोठ्या साहेबांना विचारलं, नवरा मुक्कामाला चालेल का. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि म्हणाले, याबद्दल काही लिहिलेलं नाही. म्हटलं, मग चालतं. सोमवारची गिऱ्हाइकं बुडतील, बुडू देत. एक दिवस लोक आपापल्या दाराबाहेर बसतील.

काल बस आली म्हणून तुम्ही माझं वाक्य अर्ध्यावर तोडून धावलात. मी थांब्यावर तोंड उघडं ठेवून उभी, आणि तुम्ही खिडकीतून हात हलवताय. असं कोणी भांडतं का? त्या बसवर दगड मारावासा वाटला मला.

या पत्राला उत्तर लिहू नका. नुसते या. माझं वाक्य कुठे तुटलं ते मला पक्कं लक्षात आहे. सोमवारी तुम्ही चपला काढल्यात की तिथूनच सुरू करते.

मी